आधी सुटकेची वाट

ओझरच्या विमान कारखान्याला नाशिककर आजही ‘मिग’च म्हणतात. लढाऊ विमानाचे नाव जागेला चिकटले ते कायमचे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे संरक्षणमंत्र्यांनी तेजसच्या बांधणीची नवी साखळी सुरू केली. त्याच दिवशी एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाचीही दुसरी साखळी सुरू झाली. चर्चा तेजसची झाली. दुसरे विमान बातमीच्या शेपटाला गेले.

आम्हाला त्या शेपटाविषयीच बोलायचे आहे.

शिकाऊ विमानात आधी सुटकेची वाट पाहावी, हा विचार जुना आहे. १९३१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाला शिकाऊ वैमानिकांसाठी दुपंखी विमान हवे होते. डी हॅविलंडचे ‘मॉथ’ हाताशी होते. अडचण पुढच्या बैठकीची. तिथे प्रशिक्षक बसे. डोक्यावर वरचा पंख, भोवती त्या पंखाचे खांब. हवाई छत्री बांधलेल्या माणसाला तिथून उडी टाकणे अवघड. म्हणून खांब पुढे घेतले. पंख पुढे सरकला, तसा तोल बिघडला. तो सावरायला पंख मागे कलते केले. ‘टायगर मॉथ’चा तो मागे झुकलेला पंख वेगासाठी नाही. आतला माणूस सुटावा, यासाठी आहे. आपले कित्येक वैमानिक याच विमानावर शिकले.

आणि आपण काय केले? १९८०च्या दशकात एचपीटी-३२ ‘दीपक’ शिकाऊ पोरांच्या हाती दिले. त्याचे इंजिन हवेत बंद पडे. आसनासह बाहेर फेकले जाण्याची सोय नव्हती. २००९ मध्ये ते जमिनीवर उतरवले, तोवर १७ अपघातांत १९ वैमानिक गेले होते. एवढे जाईपर्यंत थांबण्याचे समर्थन कोणत्याही फायलीत सापडणार नाही. मग ७५ विमाने स्वित्झर्लंडहून घ्यावी लागली.

एचटीटी-४०च्या दोन्ही आसनांना बाहेर फेकले जाण्याची ती सोय आहे. विमान धावपट्टीवर उभे असले तरी माणूस छत्रीसह बाहेर पडू शकतो. हे विमान मे २०१६ मध्ये पहिल्यांदा उडाले. ७० विमानांचा करार व्हायला मार्च २०२३ उजाडला. जवळपास सात वर्षे! लढाऊ विमानाला असा उशीर झाला की संसदेत आवाज उठतो. इथे कोणाला काही वाटले नाही.

उद्या तेजस चालवणारी पोरे आधी शिकाऊ विमानातच बसणार आहेत. तेव्हा ओझरहून तेजस वर्षाला किती निघणार, एवढेच विचारून भागणार नाही. दुंडिगलच्या हवाई दल प्रबोधिनीत एचटीटी-४० किती आणि कोणत्या महिन्यात पोहोचणार, तेही तारखेनिशी जाहीर करावे.