कण्याजवळची बरगडी काय सांगते?

स्मरणिकेसाठी काही हलकेफुलके लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. तो मोडल्याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. पंचवीस वर्षांहून अधिक काळ मनाला टोचत असलेली एक गोष्ट आज सांगावीशी वाटते.

इंदुरात व्यवसाय सुरू करून मला दोन-तीन वर्षेच झाली होती. खोकल्यासाठी आणलेल्या तीन महिन्यांच्या बाळाच्या छातीचे क्ष-किरण चित्र काढले. फुप्फुसे ठीक होती. पण क्ष-किरणतज्ज्ञ मित्राने डाव्या बाजूच्या तीन बरगड्यांवर, अगदी कण्यालगत, बोट ठेवले. तेथे हाड मोडून पुन्हा सांधत आले होते. घराणे आमच्या ओळखीचे. आजोबा माझ्या वडिलांचे स्नेही. ‘मालिशवाल्या बाईचा हात फार जड आहे हो,’ असे घरच्यांनी सांगितले आणि मी मान डोलावली. बाईचे काम दुसऱ्याच दिवशी सुटले. तिला कोणी काही विचारले नाही, मीही नाही. पुढे ते कुटुंब माझ्याकडे आले नाही. त्या बाळाचे काय झाले, हे मला आजही ठाऊक नाही.

डॉक्टरेतर वाचकांसाठी थोडे शरीरशास्त्र सांगतो. प्रत्येक बरगडीचे डोके मागे मणक्याला जोडलेले असते. शिवाय, शेवटच्या दोन जोड्या वगळता, बरगडी मणक्याच्या आडव्या फाट्यालाही सांध्याने टेकलेली असते. मोठ्या माणसाचे हे सांधे सहसा निखळत नाहीत. वाहनाच्या भीषण अपघातासारखा जबर आघात लागतो. तान्ह्या बाळाची छाती मात्र मोठ्या माणसाच्या दोन पंजांत सहज मावते. रागाच्या भरात ती पुढून-मागून आवळली गेली, की बरगडी त्या आडव्या फाट्यावर तरफेसारखी रेटली जाते आणि सांध्याजवळ, डोक्याशी किंवा मानेशी मोडते. बाळाच्या बरगड्या लवचीक असतात. नेहमीच्या अंघोळीने, तेल लावण्याने वा खोकल्याने निरोगी बाळाची बरगडी अशी मोडत नाही. छाती दाबून हृदय चालू करण्याच्या प्रयत्नात बरगडी मोडलीच, तर ती बहुधा पुढच्या किंवा बाजूच्या भागात मोडते.

हे ज्ञान नवे नाही. मुळात बालरोगतज्ज्ञ असलेल्या जॉन कॅफी यांनी 1946 साली सहा बालकांमध्ये मेंदूभोवतीचा रक्तस्राव आणि हातापायांच्या हाडांचे भंग एकत्र आढळल्याचे नोंदवले. 1962 साली डेन्व्हरच्या हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांचे दुखणे उघडपणे मांडले. एवढी उघड गोष्ट वैद्यकाला इतकी उशिरा का दिसली? माझे उत्तर सरळ आहे: आईबाप असे करतील, हे आपल्याला मानवत नाही. आणि कुटुंब आपल्याच समाजातले, आपल्याच गणेशोत्सवातले असेल, तर मुळीच मानवत नाही.

येथे कोणी विचारील, ‘निरपराध आईबापांवर किटाळ आले तर?’ शंका रास्त आहे. मुडदूस, हाडे ठिसूळ करणारे जन्मजात विकार, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची दुबळी हाडे, या सर्वांचा विचार केलाच पाहिजे. पण तो तपासणीने करावा, ओळखीपाळखीने नव्हे. ताजा भंग पहिल्या चित्रात पुष्कळदा दिसत नाही. तिरप्या कोनातून चित्रे घ्यावीत, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावीत. सर्व हाडांची चित्रे, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, गरज पडल्यास मेंदूचे चित्रण करावे. आणि संशय उरला, तर वैद्यकीय-न्यायिक नोंद करावी, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवावे. 1098 हा बालसाहाय्याचा दूरध्वनी क्रमांक आपल्या टेबलावर असावा. निवाडा करणे आपले काम नाही. दिसलेले न लपवणे हे आहे.

समाजबांधवांनाही एक सांगणे आहे. बाळाचे रडणे साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत वाढते. तेव्हा रात्र-रात्र जागलेल्या आईचा किंवा बापाचा तोल जाऊ शकतो, सुशिक्षितांचाही. अशा क्षणी बाळाला पाळण्यात उताणे ठेवून दुसऱ्या खोलीत जावे, पाणी प्यावे, कोणाला तरी हाक मारावी. थोडा वेळ रडल्याने बाळाचे काही बिघडत नाही. आजी-आजोबांनी ‘आमच्या वेळी नव्हते हो असे’ म्हणण्याऐवजी दोन तास बाळ सांभाळावे.

तान्ह्या रुग्णाला तक्रार सांगता येत नाही. त्याच्या वतीने एक मोडकी बरगडी बोलत होती, आणि मी घराण्याची भीड धरून ती ऐकली नाही. माझ्या तरुण सहकाऱ्यांनी ती भीड धरू नये, एवढीच विनंती.