आपापला खडू

थ्रेड-लोकल स्टोरेज! नाव वाचूनच मंडळी पळतील, पण जरा थांबा. भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. "मामा, प्रत्येक थ्रेडला स्वतःची जागा दिली की कुलूप नको आणि कुणाची वाट बघणं नको," असं तो म्हणतो. मला हे अर्धंच पटतं.

शाळेच्या भाषेत सांगतो. एकच डस्टर सगळ्या वर्गांत फिरलं की खोळंबा होतो. म्हणून प्रत्येक शिक्षकाला आपापलं डस्टर, आपापला खडू. छान! पण तो खडू तास सुरू झाल्यावर कपाटातून आणायचा असेल तर? किल्ली एकाच शिपायाकडे, आणि तो दुसऱ्याच कुणाच्या कामात. म्हणजे खोळंबा गेला नाही, फक्त दिसेनासा झाला.

इथेही तसंच. चालू प्रोग्राममध्ये मागाहून जोडलेल्या लायब्ररीची अशी जागा बरेचदा पहिल्या वापराच्या क्षणी मागितली जाते, आणि मेमरी देणाऱ्याच्या दाराला कुलूप असू शकतं.

साध्या कामात हे खपतं, रिअल-टाइममध्ये नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांचे संकेत तिथल्या तिथे जुळवायचे, तर हातातलं काम संपो न संपो, पुढचं दारात हजर. आकाश थांबत नाही. तिथे माहिती हुकेल. गाडीच्या ब्रेकमध्ये जीव जाईल.

१९९७ साली मंगळावर पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होत होता. हवामानाच्या दुय्यम कामाने कुलूप धरलेलं, मधल्या कामांनी त्यालाच मागे सारलं, आणि फार तातडीचं काम ताटकळलं. लपलेल्या कुलपातूनही हेच घडू शकतं.

म्हणून माझं मत असं. थ्रेड सुरू होतानाच, मुदतीचं काम हाती येण्याआधी, सगळी जागा एकदा वापरून मेमरीत पक्की करावी. थ्रेड तोच आणि काम नवं असेल, तर आधी फळा पुसावा. नाहीतर मागच्या तासाचे आकडे नव्या गणितात शिरतात. आपल्या जागेचा पत्ता दुसऱ्या थ्रेडला देऊन ठेवू नये, कारण थ्रेड संपला की जागाही जाते. आणि वेळ मोजावी ती सर्वांत वाईट दिवसाची, सरासरीची नव्हे. वर्गाची सरासरी चांगली असली तरी नापास मुलगा नापासच राहतो.

"मामा, एवढं कोण करतं?" भाचा विचारतो. ज्याच्या प्रोग्रामवर दुसऱ्याचा जीव आहे, त्याने करावं. आमच्या इंद्रलोकातून रोज भाईंदर स्टेशन गाठणाऱ्याला विचारा: एरवी वेळेवर आलेल्या लोकल कुणाला आठवत नाहीत, परीक्षेच्या दिवशी रखडलेली एकच आठवते.

असो. जाणकारांनी जरूर लिहावं.