वसुली मोठी, हिशेब झाकलेला

एखाद्या कारागिराचे पाच हजार रुपये कंपनीने बुडवले तर तो काय करतो? नशिबाला बोल लावतो आणि गप्प बसतो. वकील लावावा तर त्याची फी बुडालेल्या रकमेहून जास्त. असे लाखो लोक गप्प बसतात, म्हणूनच बुडवणाऱ्याचे फावते.

अमेरिकेत यावर एक तोड आहे, सामुदायिक दावा. एक-दोघे सर्वांच्या वतीने कोर्टात उभे राहतात, निकाल किंवा तडजोड सर्वांना लागू होते. वकील आधी पैसे घेत नाही. वसुली झाली तर त्यातून कोर्ट ठरवील तेवढी फी त्याला मिळते, हरला तर खर्च त्याच्या अंगावर.

या धंद्यात विल्यम लेरॅक या वकिलाने मोठे नाव कमावले. पिट्सबर्गचा हा माणूस १९७६ साली कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला आला आणि तेथे मिलबर्ग वाइस या पेढीचे कार्यालय त्याने उभे केले. शेअरचा भाव एकाएकी कोसळला की कंपनीने खोटे आकडे दिले होते काय, हे तो शोधी आणि दावा लावी. कंपन्यांचे मालक त्याच्या नावाने बोटे मोडत. त्यांच्या तक्रारीवरून अमेरिकन संसदेने १९९५ साली असे दावे अवघड करणारा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो नाकारला, तरी संसदेने तो मंजूर करून घेतला.

त्याची सर्वांत मोठी कामगिरी एन्रॉनची. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळचा वीज प्रकल्प आणणारी हीच ती कंपनी. ऑगस्ट २००० मध्ये तिचा शेअर ९० डॉलरला होता. डिसेंबर २००१ मध्ये दिवाळे निघाले तेव्हा त्याला एक डॉलरही कोणी देत नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वतीने लेरॅक पुढे आला. दिवाळखोर कंपनीकडे घेण्यासारखे उरले नव्हते, म्हणून त्याने तिला साथ देणाऱ्या बँकांना धरले. सिटीग्रुपने २०० कोटी, जेपी मॉर्गन चेसने २२० कोटी आणि कॅनडाच्या सीआयबीसी बँकेने २४० कोटी डॉलर भरले. एकूण वसुली सुमारे ७२० कोटी डॉलरची झाली. वकिलांना फी म्हणून ६८.८ कोटी डॉलर, म्हणजे शंभराला साडेनऊच्या आसपास, कोर्टाने २००८ साली मंजूर केले.

पण त्या वेळी लेरॅक तुरुंगात होता.

झाले ते असे. १९९५ पूर्वी जो आधी दावा लावी त्याच्या वकिलाकडे बहुधा सूत्रे जात. त्यासाठी हाताशी तयार फिर्यादी हवेत. मिलबर्ग वाइसने असे काही फिर्यादी बाळगले होते आणि आपल्या फीतला हिस्सा त्यांना गुपचूप दिला जाई. ही रक्कम १.१ कोटी डॉलरहून जास्त होती, असा आरोप सरकारने ठेवला. कोर्टात मात्र फिर्यादीला वेगळे काही मिळत नाही असे सांगितले जाई. लेरॅकने २००७ साली गुन्हा कबूल केला आणि त्याला दोन वर्षांची सजा झाली. पेढीचा ज्येष्ठ भागीदार मेल्विन वाइस यालाही अडीच वर्षांची झाली.

कोणी म्हणेल, लोकांना पैसे मिळाले ना, मग बिघडले कुठे? व्यापाऱ्याला हे समजावे लागू नये. आपला माल विकणारा अडत्या खरेदीदाराकडूनही चोरून दलाली घेत असेल, तर तो भाव कोणाच्या बाजूने पाडील? फिर्यादीने सर्वांच्या वतीने वकिलाच्या फीवर नजर ठेवायची असते. त्यालाच त्या फीत वाटा असेल, तर फी जितकी जास्त तितका त्याचा फायदा. ते पैसे बाकीच्यांच्या वाट्यातून जातात.

म्हणून दावेच नकोत, असे आम्ही म्हणणार नाही. ते नसले की काय होते ते सत्यममध्ये दिसले. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजू यांनी खोट्या हिशेबाची कबुली दिली. अमेरिकेतील दाव्यात कंपनीने १२.५ कोटी डॉलर देऊन २०११ साली तडजोड केली. येथील बाजारात शेअर घेणाऱ्या इथल्या माणसाला त्यातून काही मिळाले नाही.

आता आपल्याकडेही २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम २४५ आहे, ते १ जून २०१६ पासून लागू झाले. शंभर भागधारक एकत्र आले तर कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येते, हिशेब तपासनिसालाही जाब विचारता येतो. मात्र आपल्या वकिलाला वसुलीवर फी ठरवता येत नाही, म्हणून आधी खर्च कोण करणार हा प्रश्न राहतो. न्यायाधिकरणाने मान्य केल्यास तो गुंतवणूकदार संरक्षण निधीतून परत मिळण्याची सोय कायद्यात आहे.

तेव्हा बंधूंनो, शेअरची आणि ठेवीची कागदपत्रे जपून ठेवा, फसलात तर एकटे रडू नका, शंभर जण शोधा. आणि पुढारी म्हणून ज्याला उभे कराल त्याला पहिल्याच दिवशी विचारा, यात तुम्हाला काय मिळणार? उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.