उतरलेला भाव म्हणजे स्वस्त माल नव्हे

धंद्यात चार पैसे शिल्लक पडले की ते शेअरमध्ये घालावेत, असे म्हणणारे आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत आता पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही. परंतु अनेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "अमुक शेअर वर्षाच्या उच्चांकापेक्षा निम्म्यावर आला आहे. आलेख पाहून सांगा, घ्यावा काय?" आमच्या मते चूक या प्रश्नातच आहे.

आलेख काय दाखवतो, ते आधी समजून घेऊ. मागील २०० दिवसांचे बंद भाव घेऊन त्यांची सरासरी काढतात. आजचा भाव तिच्या खाली असेल, तर कल उतरता मानतात. पूर्वी ज्या भावाला खरेदीदार पुढे आले, ती आधारपातळी. ज्या भावाला विक्रेते तुटून पडले, तो अडथळा. अमेरिकेतील वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये ० ते १०० या मापाचा एक निर्देशांक मांडला. तो ३० च्या खाली गेला की विक्रीचा अतिरेक झाला, असे म्हणतात. हे सारे गणित भाव आणि उलाढाल यांतून निघते. कंपनीची वही, तिजोरी, कर्ज आणि चालकांची नियत यांतील काहीही त्यात थेट येत नाही. बाजाराला जे कळले असेल, तेवढेच भावात उतरते. जे लपवले आहे, ते आलेखात दिसणार कोठून?

सत्यम कॉम्प्युटरचे उदाहरण प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. २००८ साली या शेअरचा उच्चांक ५४४ रुपये होता. त्या वर्षी जगभरचे बाजार कोसळले आणि हा शेअरही उतरत गेला. १६ डिसेंबर २००८ रोजी कंपनीने चालकांच्याच कुटुंबाशी निगडित असलेल्या दोन मेटास कंपन्या घेण्याचा बेत जाहीर केला. गुंतवणूकदार खवळले, बेत मागे घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ३० टक्के आपटून १५८ च्या आसपास बंद झाला. पुढे ६ जानेवारी २००९ रोजी तो १७९ च्या आसपास होता.

नुसता आलेख पाहणाऱ्याला त्या दिवशी काय वाटले असेल? भाव उच्चांकापासून ६७ टक्के खाली, आपटीनंतर थोडी उभारी, म्हणजे आधार सापडला! दुसऱ्याच दिवशी, ७ जानेवारीला, अध्यक्ष रामलिंग राजू यांचे कबुलीपत्र बाहेर आले. हिशेबात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक मुळात नव्हतीच. त्या एका दिवसात शेअर ४० रुपयांवर आला आणि पुढे ११ रुपये ५० पैशांपर्यंत घसरला. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने बोली जिंकली, ती शेअरमागे ५८ रुपयांनी. १७९ ला "स्वस्त" म्हणून घेणाऱ्याच्या हाती काय उरले, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आलेख निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. तो पहारेकरी म्हणून चांगला, पारखी म्हणून नव्हे. उतरत्या सरासरीच्या खाली पडलेला शेअर पहारेकऱ्यासारखा आवाज देतो, की घाई करू नका, आत काहीतरी बिघडले असावे. बिघाड काय आहे, हे मात्र आपणच आत जाऊन पाहावे लागते. सत्यमच्या बाबतीत तशा खुणा उघड्यावर होत्या. डिसेंबर संपण्यापूर्वी चार स्वतंत्र संचालक राजीनामे देऊन निघून गेले होते. चालकांनी आपले शेअर गहाण टाकल्याचेही बाहेर येत होते. या प्रकरणानंतर सेबीने चालकांच्या गहाण शेअरची माहिती जाहीर करणे सक्तीचे केले. ती आज कोणालाही बाजाराच्या नोंदीत पाहता येते. पण पाहतो कोण?

दुसरा भ्रम उच्चांकाचा. ५४४ हा आकडा काही मालावर छापलेली किंमत नव्हे. कोणीतरी एके दिवशी तेवढे पैसे मोजले, एवढाच त्याचा अर्थ. आणि परतीची वाट उतरणीपेक्षा लांब असते. ५४४ वरून १७९ ही घट ६७ टक्के, पण १७९ वरून पुन्हा ५४४ होण्यास २०४ टक्के वाढ हवी. "अजून घेऊन सरासरी खाली आणू" म्हणणाऱ्यांनी हे गणित कागदावर मांडून पाहावे.

अमुक भावाला शेअर आपोआप विकला जावा, अशी सूचना दलालाकडे देऊन ठेवली की आपण सुरक्षित, असेही काही जण मानतात. ही सवय चांगली आहे. परंतु भाव एका झटक्यात १७९ वरून ४० कडे जातो, तेव्हा मधल्या भावाला गिऱ्हाईक मिळेलच याची हमी कोणी देत नाही. म्हणून खरे संरक्षण एकच: एका शेअरमध्ये इतकेच पैसे घालावेत, की ते सारे बुडाले तरी दुकानाचे भांडवल आणि घरचा खर्च अबाधित राहील. उसनवारीच्या पैशाने तर हा खेळ मुळीच करू नये.

आमचा विणकर सूत घेताना काउंट आणि वजन तपासतो. चामड्याचा व्यापारी कातडे उलटून पाहतो. गेल्या वर्षी हा माल महाग होता, एवढ्यावर दोघांपैकी कोणीही गाठीचे पैसे सोडत नाही. तोच माणूस शेअरबाजारात शिरताच पारख घरी ठेवून जातो, याचे आम्हांला वाईट वाटते. भाव किती उतरला हे विचारण्याआधी तो का उतरला हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत पैसा आपल्याच गल्ल्यात राहू द्या.