स्टिकर बघून समुद्रात?

परवा शनिवारी मरोळ नाक्यावर चहा पिताना हापिसातल्या मित्राने बॉम्ब टाकला. तो आणि आणखी तिघं मिळून सेकंडहँड शिडाची बोट घेतायत. फायबरची, युरोपातल्या कारखान्यातून आलेली, पंधरा वर्षं जुनी. दिवाळीनंतर मुंबई ते लक्षद्वीप. आणि मी पण यायचंच.

"कॅटेगरी ए आहे रे! ओशन रेटेड! टेन्शन कसलं?"

टेन्शन त्या वाक्याचंच आहे, बाबा. कॅटेगरी ए म्हणजे ८ ब्यूफोर्टच्या वरचा वारा आणि ४ मीटरच्या वरच्या लाटा धरून केलेलं डिझाइन. डिझाइन! पुढे ती बोट किती वेळा खडकावर बसली आणि कोणी कसं ठिगळ लावलं, हे स्टिकरला काय माहीत? सीएमएमआय लेव्हल ५ ची पाटी लावलेल्या कंपन्यांत आतला कोड कसा असतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मे २०१४. 'चीकी रफीकी' ही बेनेटो कारखान्याची ४० फुटी बोट अटलांटिकमध्ये उलटली. कील, म्हणजे बोट सरळ ठेवणारं तळाचं जड पातं, तुटून पडलं होतं. चार जण गेले. तपास अहवालात आलं की आधी तळ आपटला होता, नंतर दुरुस्त्या झाल्या होत्या, आणि त्यानेच कीलचा आधार कमजोर झाला असावा. हा आधार म्हणजे तळाला आतून चिकटवलेला सांगाडा. तो सुटायला लागला तरी वरून पटकन कळत नाही.

लगेच दुसरा सुरू, "म्हणून बोट हाताने बांधलेलीच हवी. म्हादेई बघ!" बघितली. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या म्हादेईतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. अभिमान आहेच. पण त्याच यार्डातल्या 'थुरिया'ची डोलकाठी सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात मोडली, अभिलाष टॉमी मरता मरता वाचले. त्याच वादळाने ग्रेगर मॅकगकिनच्या कारखानी बिस्के ३६ लाही सोडलं नाही. आणि २०२३ मध्ये टॉमी त्याच शर्यतीत दुसरे आले ते कशातून? रस्टलर ३६. कारखान्याचीच!

तेव्हा हा वाद बंद करा. दोंदे म्हादेईच्या बांधणीपासून सोबत होते, कुठल्या फळीमागे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. आमच्या चौघांना कीलचे बोल्ट कुठे आहेत तेही ठाऊक नाही.

मी म्हटलं, बोट पाण्याबाहेर काढा, कील उतरवा, सुकाणूचा दांडा काढून बघा, डोलकाठीच्या तारा बदला. खर्च ऐकून दोघं माझ्याशी बोलेनासे झालेत.

असो. सर्व्हे झाला तर मी येतो. नाहीतर कोचीहून अगत्तीला विमान जातं.