हृदयविकाराची गोळी कोणासाठी?

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन वर्गातील औषधांचे मोल विज्ञानाने सिद्ध केले आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी 1970च्या दशकात हजारो बुरशींची परीक्षा करून या वर्गातील पहिले द्रव्य शोधले. 1994 साली उत्तर युरोपातील 4,444 हृदयरुग्णांवरील चाचणीत सिम्व्हास्टॅटिनमुळे मृत्यूंचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तेव्हा या औषधाला थोतांड म्हणून झिडकारणे हे पुरोगामित्व नव्हे.

प्रश्न वेगळाच आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या 17 देशांच्या पाहणीत, हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी श्रीमंत देशांतील 66.5 टक्के लोक ही गोळी घेत होते; ज्या गरीब देशांच्या गटात भारत होता, तेथे अवघे 3.3 टक्के! इकडे ही दैना, तर 2013 साली अमेरिकेत नव्या मार्गदर्शक सूचनांनी लक्षावधी निरोगी माणसांनाही गोळीच्या कक्षेत आणले आणि त्यावर डॉक्टरांतच वाद माजला. ज्याला गरज अधिक, त्याच्या वाट्याला औषध कमी, हाच बाजाराचा न्याय.

ही गोळी महाग आहे म्हणावे, तर तसेही नाही. 1970च्या पेटंट कायद्याने भारतीय औषध उद्योगाला बळ दिले. अटोर्व्हास्टॅटिन आज अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. तरीही हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या शेतमजुराला ती आयुष्यभर, खंड न पडता मिळेल याची हमी कोण देतो? तालुक्याच्या दवाखान्यात जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, आणि तेथे साठा नसला तर तो खेपही वाया जाते. दोन महिन्यांत गोळी सुटते. दोष मात्र रुग्णाच्या अज्ञानावर येतो.

शिवाय प्रतिबंध केवळ गोळीने होत नाही. खाद्यतेल व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदावर जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आली. तिचा लाभ मिळण्यासाठी कोणाला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. तंबाखूच्या बाबतीत असाच निर्धार शासन का दाखवीत नाही?

कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दोनच प्रश्न विचारावेत: रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांची औषधे साठ्यात आहेत काय? आणि ती मागील महिन्यात किती दिवस नव्हती? या उत्तरांची नोंद हीच लढ्याची पहिली पायरी होय. आरोग्य हा हक्क असेल, तर त्याचा हिशेब मागणे हे कर्तव्य ठरते.