अकरावीतली मुलगी कायद्याने बालकच आहे!

"मॅडम, आमच्याकडे लहान मुलं नसतात. हे कॉलेज आहे." बाल लैंगिक अत्याचार ओळखण्याचे आणि कळवण्याचे प्रशिक्षण तुमच्या कर्मचाऱ्यांना द्या, असे म्हटले की नागपुरातल्या महाविद्यालयांतून मला हेच उत्तर मिळते. उत्तर देणारे प्राध्यापक असतात, कधी प्राचार्य असतात. नावापुढे पीएच.डी. असते. पण २०१२ चा पोक्सो कायदा त्यांनी उघडूनही पाहिलेला नसतो.

त्या कायद्यात 'बालक' म्हणजे अठरा वर्षांखालील कोणतीही व्यक्ती. मुलगा असो की मुलगी. अकरावीला प्रवेश घेणारी पोर सोळा वर्षांची असते, बारावीतली सतरा. पदवीच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या कित्येकांनाही अठरा पूर्ण झालेली नसतात. आपल्याकडे कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच इमारतीत चालते. एकच गेट, एकच ग्रंथालय, एकच शिपाई, एकच लिपिक. म्हणजे शेकडो बालके रोज ज्या आवारात येतात, त्या आवाराचे मालक म्हणतात, आमच्याकडे बालके नाहीत!

हे अज्ञान निरागस नाही. ते सोयीचे आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट पाहू. पोक्सोच्या कलम १९ नुसार, असा गुन्हा घडल्याचे कळले, किंवा घडेल अशी शंका असली, तरी ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. प्रत्येक व्यक्तीवर! प्राचार्यांची परवानगी घेऊन, संस्थेच्या अध्यक्षांना विचारून, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. पुरावा गोळा करा, असेही लिहिलेले नाही. पुरावा शोधणे पोलिसांचे काम आहे. कलम २१ नुसार माहिती न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर मात्र दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. आणि मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पडताळणी करावी, त्यांना ठरावीक काळाने प्रशिक्षण द्यावे, हे २०२० च्या पोक्सो नियमांतच आहे. म्हणजे आम्ही काही उपकार मागत नाही. कायद्यात लिहिलेले अमलात आणा, एवढेच म्हणतो.

आता राजुऱ्याकडे पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातले राजुरा नागपूरपासून फार दूर नाही. २०१९ मध्ये तिथल्या एका इंग्रजी शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरचे लैंगिक अत्याचार उघडकीला आले. मुली प्राथमिक वर्गांतल्या. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर आरोप असा होता की, अत्याचार झाल्याचे कळूनही त्याने पोलिसांना कळवले नाही. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. सी. टी. रविकुमार यांनी तो निर्णय फिरवला. त्या डॉक्टरवरचा आरोप खरा की खोटा हे खटल्यात ठरायचे. पण माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, हे न्यायालयाने स्वच्छ शब्दांत सांगितले.

त्याच राजुरा प्रकरणात, सरकारी नुकसानभरपाईच्या पैशासाठी पालक तक्रारी करत आहेत, असे राजकारणातल्या जबाबदार माणसाने जाहीरपणे बोलून दाखवले होते. नंतर माफी मागितली गेली. पण तोंडातून बाहेर आले ते आतलेच होते. गोंड-माडिया आई-बाप आपल्या लेकीची अब्रू पैशासाठी चव्हाट्यावर मांडतील, असे ज्यांना वाटते त्यांची मानसिकता कुठून येते? ती मनुस्मृतीच्या मुशीतूनच येते. संस्थेची 'इज्जत' असते, आमच्या मुलीची नसते!

अत्याचार कोणत्याही जातीच्या मुलीवर होतो, मुलग्यांवरही होतो, हे मला मान्य आहे. पण गप्प कोणाला बसवता येते, हे जात आणि पैसा ठरवतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाहून मुली अकरावीला नागपुरात येतात. घरातली शिकणारी पहिलीच पिढी. राहायला वसतिगृह किंवा भाड्याची खोली. शिष्यवृत्तीच्या अर्जावर कॉलेजची सही लागते, प्रात्यक्षिकाचे गुण सरांच्या हातात असतात, शाळा सोडल्याचा दाखला कार्यालयात अडकू शकतो. अशा मुलीने एखाद्या सरांविरुद्ध तोंड उघडायचे म्हणजे गावी परत जाण्याची तयारी ठेवायची. गावी परतली की वर्षभरात लग्न. नीट-जेईईच्या 'टाय-अप'मध्ये तर आणखी गंमत आहे. मुलगी कागदावर कॉलेजची, बसते क्लासमध्ये. काही झाले तर कॉलेज म्हणते क्लासला विचारा, क्लास म्हणतो कॉलेजला विचारा.

जानेवारी २०२५ मध्ये नागपुरातच हुडकेश्वर पोलिसांनी एका मानसोपचार समुपदेशकाला अटक केली. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याच्या नावाखाली कित्येक वर्षे मुलींचे लैंगिक शोषण केल्याचा, फोटो दाखवून धमकावल्याचा आरोप. बळींची संख्या पन्नासच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या. निकाल न्यायालय देईल. माझा प्रश्न वेगळा आहे. या मुली त्या सगळ्या वर्षांत कुठे ना कुठे शिकत होत्याच ना? कोणाच्या तरी हजेरीपटावर त्यांची नावे होती. कोणी गैरहजर राहू लागली असेल, कोणाचे गुण घसरले असतील, कोणी वर्गात रडली असेल. किती शिक्षकांनी विचारले? विचारायचे कसे, हे तरी किती जणांना शिकवले होते?

काही जण म्हणतील, आमच्याकडे अंतर्गत तक्रार समिती आहे. ती असलीच पाहिजे. पण ती समिती म्हणजे पोलीस ठाणे नव्हे. सतरा वर्षांच्या मुलीची तक्रार आली की समितीपुढे तिला चार वेळा तेच सांगायला लावायचे, आरोपीला समोर बसवायचे, शेवटी 'समज' देऊन मिटवायचे, हा कायद्याचा सरळ भंग आहे. समिती आपले काम करो, पण पोलिसांना कळवणे त्यासाठी एक दिवसही थांबू शकत नाही. बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांच्या दोन मुलींच्या बाबतीत काय झाले ते महाराष्ट्राने पाहिले. शाळेने कळवले नाही, पोलिसांनी गुन्हा नोंदवायला उशीर केला. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा सरकारला जाग आली. मग कॅमेरे लावा, तक्रारपेट्या लावा, असे आदेश सुटले. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांची जागा घेत नाही. आणि तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते, हे मुलींना चांगले माहीत असते.

'खोट्या तक्रारी होतील' हे दुसरे पालुपद. अॅट्रॉसिटी कायद्याबद्दलही आपण हेच ऐकत आलो आहोत. जो कायदा दुबळ्याच्या हाती येतो त्याचाच 'गैरवापर' होतो, असे का?

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते, कारण तो आपल्याच पोरांच्या जिवावर बेततो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आणि आपल्या वस्तीतला मुलगा यांचे प्रेम असते. जात आडवी येते. मुलीचा बाप पोक्सो लावतो आणि मुलगा तुरुंगात जातो. जातिअंताचा मार्ग म्हणून आंतरजातीय विवाह सांगणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी यावर बोललेच पाहिजे. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय अठराच ठेवा, पण सोळा ते अठरा वयोगटात न्यायाधीशाला तारतम्य वापरू द्या, अशी शिफारस केली. ती लढाई संसदेत आणि न्यायालयात लढू. पण आज कायदा कर्मचाऱ्याला असे तारतम्य देत नाही. आणि प्रेमप्रकरणांची ढाल पुढे करून विद्यार्थिनीला प्रयोगशाळेत एकटी थांबवून घेणाऱ्या सरांना कोणी वाचवत असेल, तर ते आम्ही चालू देणार नाही.

मग प्रशिक्षण कसे हवे? दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे भाषण आणि प्रमाणपत्र, असे नको. त्यात शिपाई, सफाई कामगार, सुरक्षारक्षक, ग्रंथपाल, वसतिगृहाची अधीक्षिका, क्रीडाशिक्षक आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक असे सगळे बसले पाहिजेत. मुलगी पुष्कळदा प्राध्यापकांपेक्षा झाडू मारणाऱ्या मावशीशी आधी बोलते. खुणा शिकवा: अचानक गैरहजेरी, एकाच शिक्षकाचा तास टाळणे, सुट्टीत घरी जायला नकार, अंगावरच्या जखमा, न परवडणारा मोबाईल. यातली कोणतीही खूण हा पुरावा नाही, पण प्रत्येक खूण हे विचारण्याचे कारण आहे. कसे ऐकायचे ते शिकवा. 'तू तिथे गेलीसच का?' हा प्रश्न विचारायचा नाही. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन द्यायचे नाही, कारण ते पाळता येत नाही. तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहून ठेवायचे. आरोपी घरातलाच असू शकतो, म्हणून घाईने घरी फोन करायचा नाही. १०९८ हा क्रमांक प्रत्येक भिंतीवर लावायचा. तिचे नाव स्टाफरूममध्ये चघळायचे नाही. आणि तिला हेही सांगायचे की जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेता येतो, आणि पोलीस गणवेशात येऊ शकत नाहीत.

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात दलित महिला परिषदेत बाबासाहेब आपल्या आया-आज्यांशी बोलले होते. मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असे त्यांनी सांगितले. त्या बायांनी ऐकले. अर्धपोटी राहून लेकी शाळेत घातल्या. आज त्यांच्या पणत्या कॉलेजच्या दारात उभ्या आहेत. त्या दारातून त्या घाबरून परतल्या, तर तो पराभव कॉलेजचा नसेल, आपल्या चळवळीचा असेल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट आहेत. शिक्षण उपसंचालक आणि विद्यापीठाने प्रत्येक महाविद्यालयाला दरवर्षी हे प्रशिक्षण सक्तीचे करावे आणि त्याचा अहवाल जाहीर करावा. टाय-अप क्लासेसनाही ते लागू करावे. माहिती देणाऱ्या कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरच्या कर्मचाऱ्याची नोकरी जाणार नाही, अशी लेखी हमी द्यावी. पीडित मुलगी अनुसूचित जाती-जमातीची असेल तर पोक्सोबरोबर अॅट्रॉसिटीची कलमेही लागतात का, हे पहिल्याच दिवशी तपासले जावे.

आणि वाचकहो, तुमची लेक, भाची, बहीण ज्या कॉलेजात शिकते, तिथल्या प्राचार्यांना येत्या आठवड्यात एक अर्ज द्या. एकच प्रश्न विचारा: तुमच्या कर्मचाऱ्यांना पोक्सोचे प्रशिक्षण शेवटचे कधी दिले? पोच घ्यायला विसरू नका.

जय भीम!